उकव्याचं मतदान चारला संपतं

कुणाचं तरी भलं व्हावं म्हणून, पूर्ण खात्रीने, छापील अक्षरांत तुम्ही कधी चुकीचं सांगितलं आहे का? बोलताना चुकलेलं मोजू नका, ते हवेत जातं. मी छापलेल्याबद्दल विचारते आहे. शाई वाळलेली, खाली तुमचं नाव, आणि कागद आता दुसऱ्याच्या हातात.

मी सांगितलं आहे. मागच्या लोकसभेच्या निवडणुकीत. तेही अशा घरातून आलेली असून, जिथे छापील कागद देवाच्या फोटोइतका जपला जायचा.

आईच्या वडिलांचा वारासिवनीला छोटा छापखाना होता. लग्नपत्रिका, पावतीपुस्तकं, आणि निवडणूक आली की पत्रकं. बिघडलेले कागद ते बांधून आमच्या बालाघाटच्या घरी पाठवायचे. त्यांच्या कोऱ्या बाजूवर मी पाढे लिहिले, आणि छापील बाजूवर वाचायला शिकले. म्हणून आमच्या मतदारसंघाचा इतिहास मला पुस्तकातून कधी शिकावा लागला नाही. तो माझ्या पाढ्यांच्या मागे होता. एका पक्षाचा हात ज्या काळात इथे कुणी धरू शकत नव्हतं, त्या काळची पत्रकं आत्मविश्वासाने छोटी असायची: चिन्ह, हात जोडलेला फोटो, बस. मग लोकांनी मधेच कधी भलत्यालाच दिल्लीला पाठवलं, एकदा तर अपक्षालाही, तेव्हाची पत्रकं लांबलचक आणि रागावलेली. मग दुसऱ्या पक्षाची सद्दी सुरू झाली ती आजवर, आणि पत्रकं पुन्हा छोटी झाली. पत्रक किती लांब आहे यावरून उमेदवार जिंकणार की हरणार हे मला आठव्या वर्षी सांगता यायचं. मला हरणाऱ्यांची आवडायची. त्यांच्याकडे सांगण्यासारखं जास्त असायचं.

आणखी एक गोष्ट त्या गठ्ठ्यांतून कळायची. जुन्या कागदांत सीमेलगतच्या, मराठी बोलणाऱ्या खैरलांजी, रामपायलीकडच्या गावांसाठी मराठीत वेगळं पत्रक असायचं. हळूहळू ते बंद झालं. आमच्या मतांची गरज संपली होती असं नाही. आमच्या भाषेत मागण्याची गरज संपली होती. हे कळलं तेव्हा मी कॉलेजात होते, आणि मला इतका राग आला की मी स्वतःच पत्रक लिहायला बसले. तेव्हापासून लिहीतच आहे. पाण्यावर, बसच्या वेळांवर, शाळेच्या गळक्या छतावर. आजोबांचा छापखाना विकला गेला, पण नव्या मालकाने मला लहानपणी शाईने माखलेलं पाहिलं होतं. तो अजूनही माझं काम आधी घेतो.

बाबांना ही पत्रकं पसंत नव्हती. ते सरकारी शाळेत मास्तर, मग हेडमास्तर. नोकरीभर प्रत्येक निवडणुकीत त्यांची ड्यूटी लागली. आधी मतदान कर्मचारी, नंतर मतदान केंद्राचा प्रमुख, ज्याला आमच्याकडे पीठासीन अधिकारी म्हणतात. बैहरच्या जंगलापासून पार सिवनीच्या हद्दीपर्यंत, आठही विधानसभा क्षेत्रांत त्यांनी पेट्या आणि मशीनं सांभाळली. पण स्वतः मत दिलं नाही. ड्यूटीवरच्या माणसाला टपालाने मत देता येतं. त्यांनी तो अर्ज कधी भरला नाही.

"पीठासीनाची कोणतीच बाजू नसते," ते म्हणायचे.

"बाबा, तुम्ही हजारो लोकांकडून मत देववलं आणि स्वतः एकदाही दिलं नाही. याला काय म्हणायचं?"

"याले नोकरी म्हणते."

या निवडणुकीच्या आधी ते रिटायर झाले. आणि त्याच निवडणुकीसाठी मी माझं आजवरचं सगळ्यात मोठं पत्रक काढलं. कुठल्याही उमेदवाराचं नाही. एका बाजूला मराठी, दुसऱ्या बाजूला हिंदी, मजकूर एकच: मत द्या, कुणाच्या सांगण्यावरून देऊ नका.

त्या आधीच्या थंडीत मतदारयादीचं काम चालू असताना मी नावं जोडून द्यायला गावोगाव फिरत होते. उकव्याला बैहरच्या बसमधून उतरले तेव्हा माझ्या थैल्याचा बंद तुटला. स्टँडजवळ एका ओसरीत एक बाई मशीनवर ब्लाऊज शिवत बसली होती. तिने न विचारता थैला घेतला आणि टीप मारता मारता म्हणाली, "एवढं वजन काहून घेऊन फिरता? दगडं आहेत का आत?"

उकव्यात मराठी! मँगनीजची खाण, सालवृक्षांचं जंगल, चारी बाजूंना हिंदी आणि गोंडी, आणि मधे हे 'काहून'. तिचं माहेर गोंदियाकडचं. लग्न होऊन इकडे आली, नवरा खाणीत ठेकेदाराकडे.

"यादीत नाव आहे ना तुमचं?" मी विचारलं.

"आहे ना. माहेरी." ती हसली. "लग्नात सगळं आणलं बाई. आलमारी आणली, कुकर आणला, हे मशीन आणलं. नाव तेवढं तिथंच राह्यलं."

आमच्या सीमेवरच्या घरांत हे इतकं नेहमीचं आहे की कुणाला खटकतही नाही. मुली तिकडून इकडे येतात, इकडून तिकडे जातात. रेशनकार्डात नाव घालायची घाई असते, कारण त्यावर धान्य मिळतं. मतदारयादीचं कुणी बघत नाही. पण हिला खटकत होतं. गल्लीत हातपंपाची बैठक झाली, तेव्हा पंप कुठे बसवावा यावर ती बोलायला उठली. तिच्या जेठाने, म्हणजे मोठ्या दिराने, सगळ्यांसमोर सांगितलं की तू इथली वोटर नाहीस, चूप बस.

"पाणी मी भरतो का ते भरते?" ती मला म्हणाली. "पण मी चूप बसली. काय बोलू? खरंच तं होतं."

मी तिथेच, शिवणमशीनच्या पाट्यावर मोबाईल ठेवून, नाव हलवण्याचा अर्ज भरला. बटण तिलाच दाबायला लावलं. दोन महिन्यांनी तिचा फोन आला. नाव आलं होतं. "आता बोटाले शाई लागली की मी जेठाले दाखवतो," ती म्हणाली. मला इतका आनंद झाला की मी तो फोन संपल्यावर आईला पुन्हा पूर्ण सांगितला.

मतदानाच्या आठवडाभर आधी मी पत्रकं घेऊन पुन्हा उकव्याला गेले. शंभरेक स्टँडवर वाटली, पन्नास तिच्या ओसरीत ठेवली. एप्रिलचं ऊन होतं. पत्रकातली माझी आवडती ओळ मी तिला मोठ्याने वाचून दाखवली: "उन्हात येऊ नका. कामं उरका, ऊन उतरू द्या, मग या. संध्याकाळी सहापर्यंत दार उघडं आहे."

तिने मशीन थांबवलं. "सहा?"

"हो, सहा! आरामात या. लगीनसराई आहे, तुमचं काम बुडायला नको."

तिने पत्रक हातात घेऊन ती ओळ पुन्हा पाहिली. मला वाटलं, भारावली.

मतदानाच्या दिवशी बाबा आणि मी सकाळी बालाघाटच्या आमच्या केंद्रावर गेलो. आयुष्यात पहिल्यांदा बाबा रांगेत मत देणाऱ्यांच्या बाजूला उभे होते आणि त्यांना ते जमत नव्हतं. टेबलं उजेडाकडे तोंड करून नाहीत, रांगेत म्हाताऱ्यांना खुर्ची नाही, हे ते पुटपुटत राहिले. आत गेल्यावर मशीनची शिटी वाजली, आणि ते बाहेर आले ते बोट छातीशी धरून, जणू चिमटलं होतं.

"कसं वाटलं?" मी विचारलं.

"आवाज आतून वेगळा येते," ते म्हणाले.

दुपारी जेवणं झाली. आठवडाभर मी पत्रक त्यांच्यापासून लपवलं होतं, कारण त्यांच्या खिशात कायम लाल पेन असतं. आता मत पडलंच आहे, काय बिघडतं, म्हणून मी त्यांच्यापुढे एक प्रत ठेवली. त्यांनी चष्मा लावून तळापासून वाचायला सुरुवात केली.

"मुद्रक, प्रकाशक, दोन्ही नावं टाकली. शाबास." मग वर सरकले. दोन ऱ्हस्व-दीर्घ दुरुस्त केले. मग पेन थांबलं.

"हे कुठं कुठं वाटलं?"

"खैरलांजी, रामपायली, इथं बाजारात. आणि उकव्याला."

"उकव्याले सहा नाही ना, बेटा."

"सहाच आहे बाबा. सकाळीच आपण आलो ना तिथून. फलकावर सहा लिहिलंय."

"तो आपल्या बूथचा फलक. जंगलाकडल्या तीन विधानसभा आहेत. बैहर, परसवाडा, लांजी. तिकडं चारले बंद होते. नक्षलचं भेव; मशीन घेऊन मतदानाच्या पार्टीले उजेडात बाहेर निघा लागते." ते मला शाळेतल्या मुलीला समजवावं तसं सांगत होते, आवाज न चढवता. त्यानेच जास्त लागलं. "मी पंचवीस वर्ष तुह्यासमोर त्या ड्यूटीवर गेलो."

मी घड्याळाकडे पाहिलं. दोन वाजून दहा मिनिटं.

मला माहीत असायला हवं होतं. कदाचित माहीतही होतं. पण मी सहापर्यंत मतदान करणाऱ्या शहरात वाढले. सहा माझ्यासाठी सूर्यास्तासारखं होतं, ते सगळीकडे तसंच असणार. मी आठ विधानसभा क्षेत्रांच्या मतदारसंघाला माझ्या गल्लीच्या घड्याळाने चालवायला निघाले होते. आणि तिला मी म्हटलं होतं, आरामात या.

फोन लावला. संपर्क क्षेत्राच्या बाहेर. पुन्हा लावला. तेच. बस मिळणार नव्हती, निम्म्या बसगाड्या निवडणुकीच्या कामावर होत्या. मी बाबांच्या मोटरसायकलची चावी उचलली. बाबा सदरा घालून आधीच दारात उभे.

"तुम्ही कशाला?"

"तुले आत कोण जाऊ देईन? अन् तू भांडशीन."

गाडी मी चालवली. शहर सुटलं, बांबू लागला, मग घाट. मनात मी एकच हिशेब करत होते. दुपारी पावणेचार, तिने मशीनवरून उठावं. पण ती का उठेल? तिच्याकडे छापील कागद आहे. संध्याकाळी पाचला ती नवं लुगडं नेसून शाळेच्या दारात येईल आणि दार बंद असेल. आणि त्यानंतर जेठ काय म्हणेल ते मला शब्दन् शब्द ऐकू येत होतं. तिच्या नावावर पुन्हा तोच शिक्का, आणि या वेळी तो मी मारलेला.

घाट संपताना एका नाक्यावर जवानांनी थांबवलं.

"कहाँ?"

"उकवा."

"वोट डालने?"

"नहीं, डलवाने," मी म्हणाले.

बाबांनी मागून इतक्या जोरात चिमटा काढला की गाडी हलली. "बेटी है भैया, कुछ भी बोल देती है। रिश्तेदारी में जा रहे हैं।" बाबांच्या तोंडून मी ऐकलेलं हे पहिलं खोटं. जवानाने माझा थैला उघडला. आत उरलेली पत्रकं. त्याने एक उलटसुलट करून पाहिलं.

"किस पार्टी का है?"

"किसी का नहीं।"

"किसी का नहीं, तो छपवाया किसलिए?"

एरवी यावर मी अर्धा तास बोलले असते. त्या दिवशी मी फक्त थैला मिटायला हात पुढे केला. त्याने वरिष्ठाला बोलावलं, वरिष्ठाने दोन्ही बाजू वाचल्या, दहा मिनिटं गेली, मग त्याने कागद घडी करून खिशात ठेवला आणि जा म्हणून हात केला.

उकव्याला पोहोचलो तेव्हा चारला पंचवीस मिनिटं कमी होती. ओसरी बंद. मशीनवर चादर घातलेली. शेजारच्या पानठेल्यावर एक म्हातारी बाई बसली होती.

"टेलरिन बाई कुठं आहेत?"

"बैहर गई। अस्तर खतम हो गया था, दुल्हन का ब्लाउज अटका है। सुबह ही गई।"

"कधी येणार?"

"पाँच बजे तक आऊँगी बोली।"

पाच. माझ्याच हिशेबातला आकडा. सहाच्या आधी तासभर, अगदी आरामात. मी ठेल्याच्या खांबाला धरून उभी राहिले. बाबांनी घड्याळ पाहिलं आणि शाळेच्या दिशेने चालायला लागले, म्हणून मीही चालले.

शाळेच्या फाटकापासून बऱ्याच अलीकडे चुन्याची रेघ होती. बाबांनी हात आडवा केला. "थैला घेऊन याच्या पुढं नाही जायचं. शंभर मीटर." आम्ही रेघेवरच उभे राहिलो. रांगेत वीसेक माणसं होती. मी प्रत्येक चेहरा दोनदा पाहिला. ती नव्हती.

चार वाजता एक तरुण पीठासीन अधिकारी बाहेर आला. हातात सही केलेल्या चिठ्ठ्या. तो रांगेच्या शेवटच्या माणसापाशी गेला आणि तिथून पुढे पुढे चिठ्ठ्या देत आला.

"मागून काहून देते?" मी विचारलं. घाबरले की माझी भाषा आपोआप बाबांची होते.

"पुढून दिल्या तं मागं रांग वाढतच जाते. शेवटच्याले पहिली दिली की दार बंद. चिठ्ठी ज्याच्याजवळ, त्याचं मत पडते, मग किती का वेळ लागो ना." बाबांच्या आवाजात थोडा अभिमान होता. "बरोबर करून राह्यला पोरगा."

शिपायाने फाटक ओढलं. कडी लागल्याचा आवाज आला. आम्ही येऊन काहीच झालं नव्हतं. मी चुन्याच्या रेघेजवळ मातीत बसले आणि पत्रकांचा थैला मांडीवर घेऊन रडले. मला रडताना बघायची बाबांना सवय नाही. ते बाजूला उभे राहून माझ्यावर सावली पडेल असे सरकत राहिले.

साडेचारला बैहरकडून एक जीप आली आणि स्टँडवर थांबली. माणसं उतरली. शेवटी ती उतरली, काखेत कापडाचं गाठोडं. तिने आम्हाला लांबूनच ओळखलं आणि झपाझप येऊ लागली. मी उभी राहिले. काय सांगायचं याची जुळवाजुळव करत होते.

"अवो बाई! तुम्ही इथं कशा? आन् मातीत काहून बसल्या?"

"दार बंद झालं," मी म्हणाले. "चारला बंद झालं. मी चुकीचं सांगितलं तुम्हाला. माझ्यामुळे..."

तिने गाठोडं बाबांच्या हातात दिलं, न विचारता, जसा माझा थैला घेतला होता तसा. आणि डावा हात माझ्या नाकासमोर धरला. नखापासून पेरापर्यंत काळीभोर रेघ.

"सात वाजता लायनीत पहिली होती मी," ती म्हणाली. "जेठ माह्या मागं. मागं! म्हणे, एवढी काय घाई आहे तुले? मी म्हटलं, भाऊजी, नवीन वोटर आहो, दम निघत नाही."

मी तिला मिठी मारली. ती अवघडून हसत राहिली. "अवो, असं काय करता, लोक पाहून राह्यले."

"पण मी तर सहा लिहिलं होतं!"

"लिहिलं होतं ना. इथल्या लेकरालेही माहीत आहे चारले बंद होते म्हून. मले वाटलं, छापून आलं म्हणजे नवा नियम असंन. दोन दिवस मी सगळ्याले सहा सांगत फिरली. मग यादीचं काम पाहते ते बीएलओ दिसले, त्याले इचारलं. ते म्हणे, कोणं सांगितलं? मी म्हटलं, बालाघाटच्या मॅडमनं." तिने डोळे मिचकावले. "तुमचं नाव खाली होतंच."

"फोन का नाही केला?"

"केला. लागते कुठं. मग पोरगी अन् मी बसलो, पन्नासच्या पन्नास कागदावर सहा खोडून चार केलं. दोन्ही बाजून. हात दुखला बाई. पुढच्या वेळी एकाच बाजून छापा."

बाबा हसले. मोठ्याने. मीही हसले, आणि हसता हसता मला आठवलं.

"आणि स्टँडवर मी वाटली ती? शंभर?"

तिचं हसू थांबलं. "ते मले नाही माहीत."

बाबांनी गाठोडं तिला परत दिलं. शाळेच्या फाटकासमोर, रेघेच्या अलीकडे, एक पार होता. ते त्यावर जाऊन बसले.

"बस," ते मला म्हणाले. "सहा वाजेपर्यंत बसू. तू ज्याले सहा सांगितलं तो आला, तं त्याच्यासमोर कोणी तरी असा लागते."

मी आयुष्यात ज्या सभांना बसले त्यांतली ही सगळ्यात लांब. फाटकाच्या आत कर्मचारी मशीनला सील लावत होते, लाखेचा वास येत होता. तास सरायच्या आत त्यांची गाडी भरली, पुढे-मागे जवानांच्या गाड्या लागल्या आणि धूळ उडवत ती निघून गेली. शाळा रिकामी झाली. रस्त्याच्या टोकाला कुणी दिसलं की मी पारावरून अर्धी उठायचे. मी चेहरे बघतच नव्हते, फक्त डाव्या हाताची बोटं. सायकलवर एक माणूस आला; बोट काळं. दोन म्हाताऱ्या काठ्या टेकत आल्या. माझा जीव गेला. त्या पारावर टेकल्या आणि त्यातल्या एकीने तंबाखू मळायला हात पुढे केला तेव्हा शाई दिसली. एक तरुण मुलगी डोक्यावर पदर घेऊन धावतच आली. मी उठून उभी राहिले, म्हटलं हीच ती. तिने मला विचारलं, "दीदी, इधर से बकरी गई क्या?" आणि तोंडावरचा घाम पुसला. बोट काळं होतं. बकरी मी पाहिली नव्हती. तरी मला त्या बकरीचे पाय धरावेसे वाटले.

शिवणाऱ्या बाईने ओसरी उघडली होती. मधे ती चहा घेऊन आली आणि पारावरच बसून अस्तर कापू लागली. बाबा तिला एकेक विचारत होते: सकाळी रांग किती होती, पाणी ठेवलं होतं का, पीठासीन नीट बोलत होता का. ती सांगत होती. दोघांना मधे माझी गरज नव्हती.

सहाला पाच कमी असताना तिचा जेठ रस्त्याने आला. तिने ओळख करून दिली. त्याने मला खालपासून वरपर्यंत पाहिलं. "अच्छा, तो आप हैं वो छह बजे वाली।" मी मान खाली घातली. तो दोन पावलं पुढे गेला, मग वळून आपल्या भावजयीला म्हणाला, "कल मीटिंग है, पंप की। आ जाना।" आणि गेला.

सहा वाजले. कुणी आलं नाही. शंभरांतलं एकही माणूस माझ्यावर विश्वास ठेवून उशिरा आलं नाही, आणि आयुष्यात पहिल्यांदा माझं पत्रक कुणी मानलं नाही याचा मला इतका आनंद झाला. छातीवरून कुणीतरी धान्याचं पोतं उचलावं तसं झालं. या लोकांना मत द्यायला शिकवायला मी आले होते. ते माझ्या जन्माआधीपासून, पत्रकं छोटी असोत की लांब, चारच्या आत येऊन मत देत होते, सत्ता उलटवत होते, पुन्हा बसवत होते. त्यांना माझ्याकडून एकच गोष्ट खरी उपयोगाची मिळाली होती: एका बाईचं नाव एका यादीतून दुसऱ्या यादीत.

बाबांनी गुडघ्यांवर हात टेकून उठताना माझ्या थैल्याकडे बोट केलं. "लिहिणं सोडू नको," ते म्हणाले. "पण छापाच्या आधी तिथल्या माणसाले वाचून दाखव. मले नाही दाखवलं तरी चालते."

मी गाडी सुरू करत होते तेव्हा ती पुन्हा धावत आली. "बाई, एक राह्यलं. आमच्या गल्लीत आणखी तिघी आहेत. एक तुमसरची, दोघी आमगावकडच्या. तिघींचं नाव माहेरीच आहे. आज मले बोट दाखवाले लावत होत्या सारख्या. कधी येता?"

मी पुढच्या रविवारी गेले. तिघींचे अर्ज भरले. त्यातल्या एकीच्या लग्नाला चोवीस वर्षं झाली होती.

म्हणून, हे वाचणाऱ्या तुम्हाला माझं सांगणं एवढंच आहे, आणि ते कागदावर वाचून सोडून देऊ नका. आज संध्याकाळी तुमच्या घरात लग्न करून आलेल्या बाईला विचारा, की बाई, तुझं नाव कुठल्या गावच्या मतदारयादीत आहे? आई असो, वहिनी असो, बायको असो. तिला माहीत नसेल तर तिच्यासोबत बसून यादी उघडून बघा. नाव इथलं नसेल तर उठायच्या आधी अर्ज भरा, आणि शेवटचं बटण तिलाच दाबू द्या.